ज्येष्ठ रुग्णांचे औषधसेवन आणि मद्य : केसपेपरवरील रिकामा रकाना

वार्धक्य नेमके कोणत्या वर्षी सुरू होते, याविषयी संहिताकारांत एकवाक्यता नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानात ६० वर्षांनंतरचे वय जीर्ण मानले आहे, तर सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात ७० वर्षांनंतर वृद्धत्व सांगितले आहे. वृद्धाला तरुणाच्या मात्रेत औषध देऊ नये, यावर मात्र दुमत नाही. शार्ङ्गधराचार्य ७०व्या वर्षापर्यंत मात्रा स्थिर ठेवून पुढे ती बालकाप्रमाणे हळूहळू कमी करण्यास सांगतात. सुश्रुताचार्य बाल व वृद्ध यांच्यात अग्निकर्म, क्षार आणि विरेचन टाळावे असे बजावतात. हे सर्व आपण पदवीच्या अभ्यासक्रमात शिकलो, परीक्षेत लिहिले आणि दवाखान्याचा फलक लागल्यावर बऱ्याच अंशी विसरलो. प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. त्यानंतर ती वाढतच गेली आहे. आपल्या बाह्यरुग्ण विभागात येणारा ज्येष्ठ रुग्ण क्वचितच केवळ आपला रुग्ण असतो. रक्तदाबाची गोळी एका डॉक्टरांची, मधुमेहाची दुसऱ्यांची, झोपेची गोळी शेजाऱ्यांनी सुचवलेली, गुडघ्यांसाठी तेल व गुग्गुळ आपला आणि 'ताकदीसाठी' अरिष्टाची बाटली मुलाने परस्पर आणलेली, अशी त्याची स्थिती असते. या यादीत एक द्रव्य बहुधा कोणीच लिहीत नाही. ते म्हणजे मद्य. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

एक रुग्ण

काही वर्षांपूर्वी ७४ वर्षांचे एक निवृत्त कर्मचारी माझ्याकडे आले. पत्नीच्या निधनानंतर ते मुलाकडे राहत होते. अशक्तपणा, मंदाग्नी, निद्रानाश आणि संधिशूल ही लक्षणे होती. नाडी, जिव्हा, मल-मूत्र यांची परीक्षा केली. वातप्रकोप स्पष्ट होता. दशमूलारिष्ट आणि अश्वगंधारिष्ट प्रत्येकी सहा चमचे समभाग पाण्यातून दोन वेळा, सोबत योगराज गुग्गुळ, अशी योजना केली. 'बाकी काही औषधे चालू आहेत का?' असे विचारले, तेव्हा 'बीपीची एक गोळी' एवढेच उत्तर मिळाले. केसपेपरवर 'व्यसन' असा छापील रकाना होता. त्यात मी एक आडवी रेघ ओढली. वय, पांढरी टोपी, स्वच्छ धोतर आणि शेजारी बसलेला मुलगा पाहून मला तो प्रश्न विचारावासा वाटला नाही.

बाराव्या दिवशी रात्री दोनच्या सुमारास लघवीला उठले असता ते न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पडले. मांडीच्या हाडाच्या मानेचा अस्थिभंग झाला. रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, हात थरथरू लागले, सलाईनची नळी त्यांनी ओढून काढली. 'बाबांना वेड लागले' असे समजून घरचे घाबरले. तेथील डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर मुलाने सांगितले, की बाबा गेली अनेक वर्षे रोज रात्री जेवणापूर्वी एक 'निप' घेतात. वर्षभरापासून क्लोनाझेपामची गोळीही घेत होते आणि प्रोस्टेटसाठी प्राझोसिनही चालू होते. रुग्णालयात दाखल होताच मद्य आणि झोपेची गोळी ही दोन्ही एकाच दिवशी बंद पडली होती.

ते बरे झाले. पण पुन्हा काठीशिवाय चालले नाहीत. त्यांच्या पडण्यास माझे औषध कारणीभूत झाले, असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. ते कारणीभूत नव्हते, असेही म्हणू शकत नाही. रेघ ओढलेला तो केसपेपर मी आजही जपून ठेवला आहे.

वार्धक्यात मद्य अधिक का बाधते

मद्याचे लघु, उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म, अम्ल, व्यवायी, आशुग, रूक्ष, विकासी आणि विशद हे दहा गुण चरकाचार्यांनी मदात्ययचिकित्सेच्या अध्यायात सांगितले आहेत. ते ओजाच्या दहा गुणांच्या नेमके विरुद्ध आहेत. वृद्धात ओज स्वभावतःच क्षीण, वात प्रबल, अग्नी विषम. अशा शरीरात रूक्ष व तीक्ष्ण द्रव्य थोडेही अधिक बाधते, हे तर्काला धरूनच आहे.

आधुनिक शरीरक्रियाशास्त्रही वेगळ्या भाषेत हेच सांगते. वयानुसार शरीरातील जलांश घटतो आणि मेदाचे प्रमाण वाढते. मद्यार्क पाण्यात विरघळतो, त्यामुळे तेवढ्याच मद्याने वृद्धाच्या रक्तातील मद्यार्काची पातळी तरुणापेक्षा अधिक होते. यकृताचा आकार व त्यातील रक्तप्रवाह कमी होतो, वृक्कांची गाळण्याची क्षमता उतरते, त्यामुळे अनेक औषधे शरीरात अधिक काळ रेंगाळतात. मेंदू निद्राकर द्रव्यांना अधिक संवेदनशील होतो. उठून उभे राहताना रक्तदाब सावरण्याची यंत्रणा मंदावते. म्हणून चाळिशीत जे प्रमाण पचत होते, तेच पंचाहत्तरीत पाडते. रुग्ण म्हणतो, 'मी वाढवली नाही हो, तेवढीच घेतो.' ते खरेच असते. प्रमाण तेवढेच राहते, शरीर मात्र बदललेले असते.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, अशी भूमिका स्पष्ट केली. 'थोडी घेतली तर हृदयाला बरी' हे वाक्य आता आपल्या तोंडी नसावे.

अरिष्टातील मद्यार्काचा हिशेब

आसव-अरिष्टे ही आपल्या भैषज्यकल्पनेची श्रेष्ठ देणगी आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात ८४ आसवे मोजली आणि शार्ङ्गधरांनी मध्यमखंडात संधानकल्पनेला स्वतंत्र अध्याय दिला. द्रव्याचे वीर्य टिकवणे, ते सत्वर शरीरात पोहोचवणे आणि अग्नी दीप्त करणे, ही या कल्पनेची सामर्थ्ये निर्विवाद आहेत. तथापि त्यात मद्यार्क असतो, ही गोष्ट आपण रुग्णाला क्वचितच सांगतो. पुष्कळदा स्वतःलाही सांगत नाही.

बाजारातील बहुतेक आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यार्क साधारण ५ ते १० टक्के असतो. अनेक लेबलांवर १२ टक्क्यांपर्यंतची मर्यादा छापलेली असते. मृतसंजीवनी सुरेसारख्या कल्पात तो याहून अधिक असतो. आता उपरोक्त रुग्णाचा हिशेब करू. दोन अरिष्टे, प्रत्येकी ३० मि.लि., दिवसातून दोन वेळा, म्हणजे दिवसाला १२० मि.लि. मद्यार्क ८ टक्के धरला, तर ९.६ मि.लि., म्हणजे वजनाने सुमारे ७.५ ग्रॅम शुद्ध मद्यार्क. ४२.८ टक्के तीव्रतेच्या व्हिस्कीच्या ३० मि.लि.च्या एका लहान पेगमध्ये तो सुमारे १० ग्रॅम असतो. याचा अर्थ, मी त्या गृहस्थांना नकळत रोज पाऊण पेग लिहून दिला होता. त्यातील अर्धा रात्रीच्या जेवणानंतर, झोपेच्या गोळीच्या जोडीने आणि ९० मि.लि.च्या 'निप'वर, म्हणजे ३० ग्रॅम मद्यार्कावर, पोटात जात होता.

एकच अरिष्ट १५ मि.लि. दोन वेळा घेतल्यास याच गणिताने दिवसाला २ ग्रॅमच्या आसपास मद्यार्क जातो. निरोगी व इतर औषधे नसलेल्या रुग्णात त्याची फार चिंता करण्याचे कारण नाही. प्रश्न उद्भवतो तो दोन-तीन अरिष्टे एकत्र लिहिण्याच्या सवयीतून, झाकणाने न मोजता बाटली तोंडाला लावण्यातून आणि सोबत चाललेल्या इतर औषधांतून.

दोन गैरसमज येथेच दूर करावेत. समभाग पाणी घातल्याने अरिष्टाची तीक्ष्णता कमी जाणवते, पण पोटात जाणारा एकूण मद्यार्क तेवढाच राहतो. कोमट पाणी घातल्याने तो उडून जातो, हेही विश्वासार्ह नाही. याशिवाय अरिष्टात गूळ, साखर वा मध यांचा न किण्वलेला अंश असतो, तो मधुमेही रुग्णात स्वतंत्रपणे विचारात घ्यावा लागतो.

जेथे मद्यार्क नको, तेथे पर्याय आपल्याच ग्रंथांत आहेत. दशमूलारिष्टाऐवजी दशमूल क्वाथ, अर्जुनारिष्टाऐवजी अर्जुन क्षीरपाक, अश्वगंधारिष्टाऐवजी दुधातून अश्वगंधा चूर्ण, अभयारिष्टाऐवजी अल्प मात्रेत हरीतकी चूर्ण, पुनर्नवासवाऐवजी पुनर्नवाष्टक क्वाथ. क्वाथ करण्याचा त्रास रुग्णाला नको असतो, हे मान्य आहे. पण तो त्रास पडण्याच्या त्रासापेक्षा लहान आहे.

कोणत्या औषधाशी कोणता धोका

खालील यादी परिपूर्ण नाही. नित्य व्यवहारात वारंवार आढळणारे प्रसंगच घेतले आहेत. 'मद्य' या शब्दात पेय मद्य आणि मद्यार्कयुक्त औषध ही दोन्ही अभिप्रेत आहेत. धोका अर्थातच प्रमाणानुसार वाढतो.

१) झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम) : मद्यासोबत तंद्रा, तोल जाणे, स्मृतिभ्रंश, मोठ्या प्रमाणात श्वसन मंदावणे. १९९१ मध्ये डॉ. मार्क बीअर्स यांनी मांडलेल्या आणि २०२३ मध्ये अद्ययावत झालेल्या निकषांत या वर्गातील औषधे ज्येष्ठांमध्ये शक्यतो टाळावीत, असेच म्हटले आहे. मात्र चालू असलेली गोळी आपण एकाएकी बंद करू नये. अश्वगंधा, जटामांसी, तगर, सर्पगंधा यांचीही अशा गोळ्यांशी भर पडते.

२) सर्दी-खोकल्याची औषधे (क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, कोडीन) : ग्लानी, संभ्रम, मूत्रावरोध. येथे आपल्या कनकासवाचा उल्लेख आवश्यक आहे. त्यातील धत्तुराचा परिणाम याच दिशेचा आहे. प्रोस्टेटची वाढ वा काचबिंदू असलेल्या वृद्धाला कनकासव देण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

३) मधुमेहाची औषधे : ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड वा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी मद्य घेतल्यास रक्तशर्करा धोकादायक रीतीने उतरते. त्या वेळची बडबड, घाम व अडखळणे हे 'चढल्याचे' लक्षण समजले जाते आणि वेळ निघून जाते. मेटफॉर्मिनसोबत अतिमद्यपानाने रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका असतो.

४) रक्तदाब, हृदय व प्रोस्टेटची औषधे : प्राझोसिन, टॅमसुलोसिन, नायट्रेट वर्गातील गोळ्या व मूत्रल औषधे यांच्यासोबत मद्याने उभे राहताना रक्तदाब एकदम घसरतो. ज्येष्ठमध दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत दिल्यास पोटॅशियम घटते, रक्तदाब वाढतो. मूत्रल औषध व डिगॉक्सिन घेणाऱ्यात हे घातक ठरू शकते. लवणभास्कर चूर्णातील लवणाचाही विसर पडू नये.

५) वेदनाशामके : डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांच्यासोबत मद्याने आमाशयात रक्तस्राव होऊ शकतो. नित्य मद्यपान करणाऱ्यात पॅरासिटामॉल यकृताला अधिक बाधते. ट्रॅमाडॉलसोबत मद्य पूर्णतः वर्ज्य.

६) रक्त पातळ करणारी औषधे (वॉरफरिन, अ‍ॅसेनोकुमारॉल, क्लोपिडोग्रेल) : मद्यामुळे परिणाम अस्थिर होतो. लसूण, शुंठी, हरिद्रा, गुग्गुळ औषधी मात्रेत देतानाही संबंधित डॉक्टरांना कळवावे.

७) डायसल्फिराम : मद्यमुक्तीसाठी हे औषध दिले जाते. ते चालू असताना अल्पसा मद्यार्कही पोटात गेला, तर चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणे अशी तीव्र प्रतिक्रिया येते. औषध थांबवल्यानंतरही सुमारे दोन आठवडे ही शक्यता राहते. या रुग्णाला कोणतेही आसव-अरिष्ट देऊ नये. मेट्रोनिडॅझोल व टिनिडॅझोल यांच्याबाबत अशा प्रतिक्रियेचे प्रमाण किती, याविषयी अलीकडे मतभेद आहेत. तथापि औषधपत्रकांवर इशारा असल्याने तेवढे दिवस अरिष्ट थांबवणेच इष्ट. मद्य सोडलेल्या व्यक्तीला अरिष्टाच्या वासाने व चवीने पुन्हा इच्छा होऊ शकते, हाही मुद्दा आहेच.

मद्यार्क नसलेल्या आपल्या द्रव्यांचेही आधुनिक औषधांशी संबंध येतात. त्रिकटूतील पिप्पली-मरिच यांतील पायपरीन हे फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफिलिन यांचे रक्तातील प्रमाण वाढवते, असे मानवी स्वयंसेवकांवरील अभ्यासांत दिसले आहे. याउलट गुग्गुळाच्या अर्काने प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे प्रमाण घटल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. शंखपुष्पीच्या एका कल्पामुळे फेनिटॉइनचा परिणाम कमी झाल्याचा अहवाल १९९२ चा आहे. म्हणजे हे ज्ञान नवे नाही. ते आपल्या टेबलापर्यंत पोहोचलेले नाही.

'अर्ध्या तासाचे अंतर ठेवा'

दोन पद्धतींची औषधे चालू असता आपण सर्वजण एक वाक्य सवयीने सांगतो : 'दोन्हींत अर्धा तास अंतर ठेवा.' हे वाक्य काही ठिकाणी अपुरे आणि काही ठिकाणी निरुपयोगी आहे.

जेथे संबंध आतड्यातील शोषणापुरता असतो, तेथे अंतराचा उपयोग होतो. पण ते पुरेसे हवे. इसबगोल व इतर औषधे यांत किमान दोन तास, तर लोह वा मंडूर भस्म आणि थायरॉइडची गोळी यांत चार तास ठेवावेत. जेथे संबंध मेंदू, रक्तदाब वा यकृत यांच्या पातळीवर असतो, तेथे अर्ध्या तासाने काहीच साधत नाही. संध्याकाळी सातचे मद्य, नऊचे अरिष्ट आणि दहाची झोपेची गोळी यांची रात्री दोन वाजता शरीरात एकत्र गाठ पडते. आपल्या रुग्णाला अंतराची हमी देऊन आपण त्याला खोटा दिलासा देत असतो.

प्रश्न कसा विचारावा

'दारू पिता का?' असा थेट प्रश्न विचारला, तर उत्तर 'छे, छे' असेच येते. सुनेसमोर, नातवासमोर कोणताही आजोबा दुसरे उत्तर देणार नाही. म्हणून पुढील पद्धत उपयोगी पडते.

प्रथम थैली. पुढच्या भेटीस येताना घरातील सर्व औषधे, तेले, चूर्णे, टॉनिके, बंद पडलेल्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून आणावयास सांगावे. ती टेबलावर रिकामी करून प्रत्येक वस्तू कोणी दिली, कशासाठी, केव्हा घेता, असे विचारावे. एकाच औषधाच्या वेगवेगळ्या नावांच्या दोन पट्ट्या हमखास सापडतात. मी विनोदाने अष्टविध परीक्षेनंतरची ही नववी परीक्षा म्हणतो. पण तिने जितके निदान होते, तितके कधी कधी नाडीनेही होत नाही.

नंतर एकांत. नातेवाइकांना क्षणभर बाहेर बसवून, औषधाच्या ओघातच विचारावे : 'आजोबा, तुमच्या औषधाची मात्रा ठरवायची आहे. रात्री जेवणाआधी थोडे काही घेण्याची सवय आहे का? असली तर सांगा, म्हणजे मला औषध बदलता येईल.' प्रश्नात दोषारोप नसला की उत्तर मिळते. ते बहुधा 'औषधापुरती', 'थंडीपुरती' असे असते. कोकणात व गोव्यात सर्दी-खोकल्यासाठी ब्रँडी वा फेणी घरात ठेवलेली असते आणि ती कोणी मद्यात धरतच नाही. प्रमाण विचारताना पेगची भाषा सोडून भांड्याची भाषा वापरावी : कोणता पेला, किती बोटे, 'क्वार्टर' किती दिवस पुरते? १८० मि.लि.च्या 'क्वार्टर'मध्ये सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो, एवढे लक्षात ठेवले की हिशेब सोपा होतो.

आजींनाही हा प्रश्न विचारावा. स्त्रियांमध्ये तो विचारलाच जात नाही, आणि रोज 'ताकदीचे' म्हणून अर्धी बाटली अरिष्ट घेणाऱ्या आजी आपण पाहत असूनही ओळखत नाही.

वारंवार पडणे, अंगावर निळे डाग, सकाळची हातांची थरथर, न समजणारा विसराळूपणा, नियंत्रणात न येणारा रक्तदाब, जोडीदाराच्या निधनानंतर वाढलेला निद्रानाश, ही लक्षणे 'म्हातारपण' म्हणून सोडून देण्यापूर्वी मद्य व औषधे यांचा विचार अवश्य व्हावा.

एकाएकी बंद करू नये

उत्तर 'होय' मिळाले की आपल्यातील उपदेशक जागा होतो आणि आपण म्हणतो, 'आजपासून बंद!' येथेच मोठी चूक होते. रोज व दीर्घकाळ मद्य घेणाऱ्या वृद्धाने ते एकाएकी थांबवले, तर पहिल्या दिवसातच कंप, घाम, अस्वस्थता; पहिल्या दोन दिवसांत झटके; आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, भास, तीव्र संभ्रम अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीमुळे मद्यविक्री अकस्मात बंद झाली, तेव्हा बंगळुरूतील रुग्णालयांत अशा रुग्णांची संख्या वाढल्याचे प्रसिद्ध झाले होते. अस्थिभंगासाठी वा मोतीबिंदूसाठी दाखल झालेल्या वृद्धात हेच छोट्या प्रमाणावर नित्य घडते.

अहितकर सवय पादांशक्रमाने सोडावी, हा चरकाचार्यांचा सूत्रस्थानातील उपदेश सर्वपरिचित आहे. त्यामागील तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते. मात्र रोजचे प्रमाण मोठे असेल, पूर्वी झटके आले असतील, यकृतविकार वा हृद्रोग असेल, तर हा क्रम दवाखान्यात बसून न ठरवता मनोविकारतज्ज्ञ वा रुग्णालयाच्या देखरेखीखाली करावा. शस्त्रक्रियेसाठी रुग्ण पाठवताना चिठ्ठीत मद्याची, झोपेच्या गोळीची आणि आपल्या औषधांची स्पष्ट नोंद करावी. त्या दोन ओळींनी तिसऱ्या रात्रीचा अनर्थ टळतो.

पुढील प्रसंगी वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे : रक्त पातळ करणारे औषध चालू असता डोक्याला मार; काळी शौचप्रवृत्ती वा रक्ताची उलटी; अकस्मात संभ्रम वा गुंगी; झटका; मूत्रावरोध; मधुमेह्यात घाम येऊन बडबड.

दुसऱ्या चिकित्सकाचे औषध आपण परस्पर बंद करू नये. त्यांना पत्र लिहावे. पत्र लिहिल्याने आपली प्रतिष्ठा कमी होत नाही. माझा अनुभव तर उलट आहे.

औषधविक्रेत्यांचे स्थान

पुष्कळ ज्येष्ठ वैद्याकडे न जाता थेट दुकानात येतात. तेथे गल्ल्यावर बसलेली व्यक्तीच त्यांचा वैद्य असते. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदात मादक पेयांच्या प्रतिबंधाला औषधी उपयोगाचा अपवाद आहे. १९५१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधांना मद्यनिषेध कायद्यातील बंदीतून वगळले. आपल्या व्यवसायाला मिळालेली ही मोकळीक औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीसाठी आहे. आठवड्याला चार बाटल्या नेणारे गिऱ्हाईक औषध घेत नसते, हे विक्रेत्याला कळतेच. त्या वेळी दोन शब्द बोलणे ही विक्रीत आडकाठी नसून व्यवसायाची अब्रू राखणे आहे.

विक्रेत्यांसाठी चार सूचना कराव्याशा वाटतात. ज्येष्ठ गिऱ्हाइकाला अरिष्ट देताना 'झोपेची, साखरेची, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का? दारू सोडण्याचे औषध चालू आहे का?' एवढे विचारावे. लेबलावरील मद्यार्काचे प्रमाण दाखवावे. बाटलीसोबत मापाचे झाकण वा पेला आहे, याची खात्री करून मात्रा मोठ्या अक्षरात लिहून द्यावी; अंधूक दृष्टीला छापील बारीक अक्षरे दिसत नाहीत आणि कुमार्यासव व कनकासव यांच्या बाटल्या सारख्याच भासतात. 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा असलेली औषधे चिठ्ठीविना ज्येष्ठांना देऊ नयेत.

समारोप

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये 'हानीविना औषध' ही मोहीम हाती घेतली. आपल्याकडे आयुर्वेदीय औषधांसाठी औषधदक्षता कार्यक्रम २००८ पासून सुरू झाला आणि पुढे त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आले. अनिष्ट परिणाम आढळल्यास जवळच्या केंद्राकडे कळवणे आपले कर्तव्य आहे. 'आपल्या औषधाला दुष्परिणाम नाहीत' हे वाक्य रुग्णाला आवडते. पण ते शास्त्राला धरून नाही. योग्य रीतीने योजलेले तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते आणि अयोग्य रीतीने योजलेले औषधही विष होते, ही शिकवण चरकाचार्यांचीच आहे. आसवारिष्टांचा मान राखायचा असेल, तर ती कोणाला द्यावयाची नाहीत हे सांगण्याचे धैर्यही आपल्यात हवे.

माझ्या दवाखान्यातील केसपेपर मी नंतर नव्याने छापून घेतले. 'व्यसन' हा शब्द काढला आणि त्याजागी तीन रकाने केले : 'इतर सर्व औषधे', 'मद्य (प्रमाण व वेळ)' आणि 'मद्यार्कयुक्त कल्प'. या तीन रकान्यांत आडवी रेघ ओढायची नाही, विचारूनच 'नाही' असे अक्षरात लिहायचे, हा नियम स्वतःला घालून घेतला आहे. प्रत्येक ज्येष्ठ रुग्णामागे त्यास तीन-चार मिनिटे अधिक लागतात. व्यवसायबंधूंनी व भगिनींनी आपापल्या दवाखान्यात हा रकाना एकदा तपासून पाहावा, एवढीच विनंती.